करारातील कलम आणि युद्धाचा काळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस जो विषय दिला आहे तो मोठा भारदस्त आहे. सशस्त्र संघर्षाच्या काळी आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांतील मानवी हक्कांच्या बंधनांची अंमलबजावणी! पत्रिकेत एवढे नाव बसवताना छापखानेवाल्याची तारांबळ उडाली असेल. विषय कायदेपंडितांचा आहे आणि आम्ही कायदेपंडित नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या करारांच्या फायली वाचता वाचता पुढे गेले. परंतु करार कसा होतो, कसा मोडतो आणि मोडल्यावर कोणाच्या घरची चूल विझते, एवढे मात्र आम्हांस ठाऊक आहे. त्या शिदोरीवर आज चार शब्द बोलणार आहोत.

दोन देशांत व्यापारी करार होतो म्हणजे साध्या भाषेत काय होते? तुमचा माल आमच्या बंदरात उतरला तर त्यावर जकात कमी घेऊ किंवा मुळीच घेणार नाही, असे एकमेकांस कबूल करायचे. यात माणसाच्या हक्कांचा संबंध कोठे आला, असे कोणी विचारील. पूर्वी तो नव्हताच. तो कसा आला याची कथा युद्धातूनच निघते.

युरोपीय समुदायाने २ एप्रिल १९८० रोजी युगोस्लाव्हियाशी सहकार्याचा करार केला होता. त्यात जकातीच्या सवलती होत्या. करार सोडायचा असेल तर सहा महिन्यांची नोटीस द्यावी, असेही कलम होते. १९९१ साली तो देश फुटला आणि तेथे युद्ध पेटले. शस्त्रसंधी होत आणि मोडत. तेव्हा नोव्हेंबर १९९१ मध्ये युरोपने नोटिशीची वाट न पाहता सवलती स्थगित केल्या. आता गंमत पाहा. जर्मनीतील एक दारूचा व्यापारी कोसोव्होतली द्राक्षाची दारू आणत असे. त्याच्याकडे जादा जकात मागितली, तेव्हा तो कोर्टात गेला. म्हणाला, करारात सहा महिन्यांची नोटीस लिहिली आहे, ती दिलेली नाही. सबब स्थगिती बेकायदा. मुद्दा मोठा बिनतोड होता! आमच्या एखाद्या मालकाच्या वकिलाने हाच मुद्दा काढला असता. युरोपच्या न्यायालयाने १६ जून १९९८ रोजी निकाल दिला तो असा: तेथे शांतता नांदते हे गृहीत धरून करार झाला होता, ती परिस्थितीच मुळापासून बदलली, म्हणून स्थगिती योग्य.

निकाल लागला, पण धडा आधीच मिळाला होता. दर वेळी 'परिस्थिती मुळापासून बदलली' हे सिद्ध करत कोण बसणार? त्यापेक्षा करारातच लिहून ठेवावे की मानवी हक्क आणि लोकशाही तत्त्वे यांचा आदर हा या कराराचा आवश्यक भाग आहे. तो भंगला तर दुसरा पक्ष योग्य ती पावले उचलील. १९९५ पासून युरोपच्या करारांत हे कलम नेहमीचे झाले.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस एका कारखान्यातला करार आठवला. त्यात 'कामगारांस पिण्याचे थंड पाणी पुरवण्यात येईल' असे कलम होते. मोठे सुंदर कलम! पण कोणत्या तारखेपासून, ते लिहिले नव्हते. कोणत्या अधिकाऱ्याने, तेही नव्हते. पुरवले नाही तर काय, हे तर नव्हतेच. तीन उन्हाळे गेले आणि पाणी काही आले नाही. मालक म्हणे, कलम आम्ही मोडले कोठे आहे, विचाराधीन आहे. तेव्हापासून कोणताही करार हाती आला की आम्ही तीन गोष्टी पाहतो: तारीख कोणती, अंमलदार कोण, आणि दंड कोणाच्या खिशातून. राष्ट्राराष्ट्रांचे करारही आम्ही असेच वाचतो.

आता आपल्या शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण जरा विस्ताराने घेऊ, कारण तेथे ते कलम खरोखर ओढले गेले. युरोपची 'जी. एस. पी. प्लस' नावाची एक सवलत आहे. तिला करार म्हणणेही कठीण, कारण देणारा एकटाच देतो. गरीब देशाने मानवी हक्क, कामगार हक्क, पर्यावरण आणि स्वच्छ कारभार यांविषयीचे २७ आंतरराष्ट्रीय करारनामे पाळावेत, आणि मोबदल्यात त्याचा माल जकातीवाचून यावा, अशी ती योजना. श्रीलंकेला ती २००५ साली मिळाली. तयार कपड्यांवर युरोपची पूर्ण जकात १२ टक्के. साध्या सवलतीत ९.६ टक्के, या योजनेत शून्य. म्हणजे शंभर रुपयांच्या सदऱ्यामागे नऊ रुपये साठ पैशांचा फरक. कपड्याच्या धंद्यात नफा पैशांनी मोजतात, हे येथे बसलेल्या शिंपीबंधूंना आम्ही सांगायला नको.

सवलत मिळाली त्या सुमारास तेथे २००२ चा शस्त्रसंधी कागदावर होता. ऑगस्ट २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री कादिरगमार यांचा खून झाला आणि आणीबाणी पुकारली गेली. जानेवारी २००८ मध्ये सरकारने शस्त्रसंधी रीतसर मोडला. माणसे नाहीशी होत होती, कोठड्यांतून छळ होत होता, पत्रकार मारले जात होते. दुसऱ्या बाजूला तामिळ वाघांची संघटना मुलांच्या हाती बंदुका देत होती आणि सामान्य माणसांना ढाल करत होती. परंतु त्या संघटनेने कोणाशी व्यापारी करार केलेला नव्हता. व्यापारी कलमाचे हे एक पांगळेपण आहे. ते सरकारला धरू शकते. जंगलातल्या सेनेला ते कळतही नाही.

युद्धात हक्क कसले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना उत्तर त्या करारनाम्यातच आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याचे चौथे कलम सांगते की राष्ट्राच्या जिवावर बेतणारी आणीबाणी असेल तर सरकारला काही हक्क तात्पुरते आवरते घेता येतात. सभा घेण्याचा हक्क, संचाराचा हक्क वगैरे. पण मनमानी करून जीव घेणे, छळ करणे, गुलाम करणे यांना आणीबाणीतही मुभा नाही. म्हणजे जे कलम युद्धात लागू नाही असे सांगितले जाते, ते मुळात युद्ध ध्यानात ठेवूनच लिहिलेले आहे.

युरोपीय आयोगाने चौकशी सुरू केली ऑक्टोबर २००८ मध्ये. श्रीलंका सरकारने चौकशीस सहकार्य नाकारले आणि तज्ज्ञांना देशात येऊ दिले नाही. मे २००९ मध्ये युद्ध संपले. अखेरच्या महिन्यांत किनाऱ्याच्या एका चिंचोळ्या पट्टीत लाखो माणसे कोंडली गेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी २०११ साली लिहिले की त्या शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असावेत. आणि युरोपच्या चौकशीचा अहवाल कधी आला? ऑक्टोबर २००९ मध्ये. सवलत काढण्याचा निर्णय फेब्रुवारी २०१० मध्ये झाला, आणि तो अमलात आला १५ ऑगस्ट २०१० रोजी. चौकशीच्या आरंभापासून बावीस महिने, आणि युद्ध संपून पंधरा महिने लोटल्यावर! आग विझून राख थंड झाली, तेव्हा बंब आला. अधिकारी म्हणतील की चौकशीला वेळ लागतोच, दुसऱ्या बाजूचे ऐकावे लागते. ते आम्हांस मान्य आहे. बिनचौकशीची शिक्षा आम्ही कारखान्यातही मान्य करत नाही. पण चौकशीपुरते निलंबन असते की नाही? कामगाराला चौकशी होईपर्यंत दाराबाहेर उभे करण्याची तरतूद सर्वांना ठाऊक असते. सरकारांच्या बाबतीतच तिचा विसर पडतो.

वेळ लागतो हे खरे मानावे, तर दुसरे उदाहरण पाहा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, आणि मार्चचा महिना अर्धा उलटण्यापूर्वी अमेरिका, युरोप आणि त्यांच्या मित्रांनी रशियाला व्यापारातला समान वागणुकीचा हक्क नाकारण्याचे जाहीर केले. त्यासाठी मानवी हक्कांचे कलम वापरले नाही. 'आमच्या मूलभूत सुरक्षेचे हित' हे कारण दिले. १९४७ च्या जागतिक व्यापार करारात ते २१ वे कलम आहे. आक्रमणाला विरोध केला म्हणून आम्ही त्यांना दोष देत नाही. आमचे म्हणणे इतकेच की स्वतःच्या अंगणात धूर आला की तीन आठवडे पुरतात.

आता तिसरा प्रश्न. दंड कोणाच्या खिशातून? श्रीलंकेत कपडे शिवणाऱ्या बहुतेक बायका आहेत. खेड्यातून येतात, कोलंबोजवळ कटुनायकेच्या मुक्त व्यापार क्षेत्रात खोली भाड्याने घेऊन चौघी-पाचजणी मिळून राहतात, आणि पैसे घरी धाडतात. तोफा त्यांनी डागल्या नव्हत्या. सवलत गेली तेव्हा युरोपच्या गिऱ्हाइकाने भाव चढवला नाही. त्याने कारखानदाराला सांगितले, तुझे तू बघ. मोठे कारखानदार तगले. पुढच्या वर्षी देशाची कपड्यांची एकूण निर्यात वाढली देखील. लहानांना ते जमले नाही. आणि भार जेव्हा खाली खाली सरकतो तेव्हा तो कोठे जाऊन थांबतो, हे शिवणयंत्रापुढे बसलेल्या बाईला विचारावे. रोजचा ठरलेला आकडा वाढतो, जादा कामाचे तास वाढतात, हजेरी बोनस कापला जातो.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांस कोणत्याही ग्रंथात फारशी चर्चिलेली दिसली नाही. सवलत गेल्यावर जी जकात वसूल झाली ती कोठे गेली? युरोपच्या खजिन्यात. छळ झाला जाफन्यात, दंड भरला कटुनायकेने, आणि पैसा जमा झाला ब्रुसेल्समध्ये! ज्याचा मुलगा नाहीसा झाला त्या घरी त्यातला एक छदामही आला नाही. आमच्या धंद्यात अशा दंडाला कोणी न्याय म्हणणार नाही.

मग सवलत काढली हे चुकले काय? येथे आमच्या चळवळीतल्या मित्रांशी आमचा मतभेद आहे. ते म्हणतात, गरिबाच्या पोटावर पाय देणारी शिक्षा नकोच. आम्ही त्यांना पुढची हकीकत सांगतो. २०११ मध्ये श्रीलंका सरकारने खासगी नोकरांच्या पेन्शनचे एक विधेयक आणले. कामगारांच्या हक्काच्या पैशांना त्यातून कात्री लागेल, असे कामगारांचे म्हणणे होते. ३० मे रोजी कटुनायकेतले हजारो कामगार रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला, पुष्कळ जण जखमी झाले, आणि एक तरुण कामगार दोन दिवसांनी मेला. विधेयक मागे घ्यावे लागले, पोलिसप्रमुखाने राजीनामा दिला. उत्तरेत तामिळांवर जे हात सैल सोडले होते ते दक्षिणेत सिंहली कामगारांवर चालायला जेमतेम दोन वर्षे लागली. माणूस पकडून नेला तर जाब विचारणारा कोणी नाही अशी व्यवस्था एकदा बसली की ती फार काळ एकाच जमातीपुरती राहत नाही. म्हणून हक्कांचे कलम हा त्या बायकांचा स्वतःचाही प्रश्न होता. नोकरी आणि हक्क यांतले एक निवडा, असे त्यांना सांगणे हाच अन्याय आहे.

सवलत १९ मे २०१७ रोजी परत मिळाली. मधल्या काळात सरकार बदलले होते आणि १९७९ चा दहशतवाद-प्रतिबंधक कायदा काढून टाकण्याचे आश्वासन नव्या सरकारने दिले होते. विनाखटला माणूस दीर्घकाळ डांबून ठेवता येतो तो हा कायदा. आश्वासन पुढे ढकलले गेले. जून २०२१ मध्ये युरोपच्या संसदेने सवलत पुन्हा काढण्याचा विचार करावा असा ठराव केला, आणि २०२२ मध्ये कायद्यात थोडी दुरुस्ती झाली. म्हणजे कलमाचा धाक अगदीच व्यर्थ नव्हता. पूर्ण बहिष्कारापेक्षा, सवलत हाती ठेवून दर दोन-तीन वर्षांनी हिशेब मागणे याचा उपयोग अधिक झाला, असे आमचे मत आहे.

ही योजना सुरू झाल्यापासून युरोपने हक्कभंगासाठी सवलत काढली ती चार देशांची: १९९७ मध्ये वेठबिगारीबद्दल म्यानमार, २००७ मध्ये बेलारूस, २०१० मध्ये श्रीलंका, २०२० मध्ये अंशतः कंबोडिया. चारही नावे पुन्हा ऐका. यांत वजनदार गिऱ्हाईक एकही नाही. रीतसर करार असलेल्या देशांचे तर याहून नवल आहे. युद्धाच्या किंवा दडपशाहीच्या कारणाने युरोपने करारातल्या व्यापारी सवलती स्थगित केल्या त्या १९९१ मध्ये युगोस्लाव्हियाच्या आणि २०११ मध्ये सीरियाच्या. सीरियाचा करार १९७७ चा. या दोन्ही करारांत मानवी हक्कांचे कलम नव्हते! कलम नव्हते तेथे काम झाले, आणि कलम आहे तेथे ते घरातल्या तसबिरीसारखे भिंतीवर आहे.

कलम आहे अशाचे उदाहरण इस्राएलशी झालेल्या कराराचे. सही १९९५ ची, अंमल जून २००० पासून, आणि दुसरे कलम मानवी हक्कांचे. गाझातील युद्ध ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाले. युरोपने या कलमाची तपासणी केली ती २०२५ च्या उन्हाळ्यात, आणि भंगाची चिन्हे आहेत असा निष्कर्ष निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने व्यापारी सवलती स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यास किमान पंधरा देश, आणि त्यांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या, एवढा पाठिंबा हवा. आणि तो जमला नाही. पुढच्याच महिन्यात शस्त्रसंधी झाला आणि प्रस्ताव मागे पडला.

पण त्याच करारात एक छोटी गोष्ट झाली आहे, आणि ती आम्हांस फार मोलाची वाटते. एक जर्मन कंपनी पश्चिम किनाऱ्यावरच्या वसाहतीत बनलेली सोड्याची यंत्रे इस्राएलचा माल म्हणून आणत होती. हॅम्बुर्गच्या जकात कचेरीने सवलत नाकारली. माल कोठला, एवढाच तिचा सवाल. युरोपच्या न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१० रोजी कचेरीची बाजू उचलून धरली: त्या भूमीतला माल इस्राएलशी झालेल्या कराराच्या सवलतीत बसत नाही. येथे पंधरा राजधान्यांची संमती लागली नाही. जकात कचेरीतल्या एका कारकुनाने दाखला तपासला आणि शिक्का मारायचे नाकारले. ज्या कलमाला अंमलदार आहे ते चालते, ते असे.

सीरियाच्या बाबतीतही शिकण्यासारखे आहे. तेथे प्रथम स्थगिती आली ती खनिज तेलावर, पुढे सोने-हिऱ्यांवर. ही सरकारच्या तिजोरीत थेट जाणारी कमाई. आधी शिंप्याला गाठले नाही. सीरियाच्या जनतेचे हाल त्याने टळले असा आमचा दावा नाही. पण दंड कोणाच्या खिशातून काढायचा हे निवडता येते, एवढे त्यावरून दिसते.

आता आपल्याकडे वळू. या बाबतीत भारताचा इतिहास दुहेरी आहे. जुलै १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच, दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवरील अन्यायासाठी भारताने त्या देशाशी व्यापार तोडला. जगात असे करणारा पहिला देश आपला. स्वतःचे नुकसान सोसून केलेले ते काम होते. पन्नास वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली, तेव्हा कामगार हक्क व्यापाराच्या नियमांत आणण्यास भारताने कसून विरोध केला. येथल्या बहुतेक कामगार संघटनाही सरकारच्या बाजूस होत्या. कारण उघड होते: हक्कांचे नाव घेऊन श्रीमंत देश आपला माल अडवतील. ती भीती खोटी नव्हती. शंभर रुपयांच्या सदऱ्यामागचा तो हिशेब आम्ही मघाशीच मांडला. परंतु त्या भीतीचा आडोसा घेऊन आपले कारखानदारही मजेत बसले, हेही सांगितले पाहिजे.

मग कोणी म्हणेल, तुमची मागणी तरी काय? आमची मागणी कामगार जशी करतो तशी आहे. युद्ध पेटल्याच्या दिवसापासून तपासणीची मुदत मोजावी आणि ती महिन्यांत लिहावी. पहिला हात शस्त्रे, तेल, खाणी आणि सरकारी कंपन्यांच्या मालावर पडावा. कपडा, मासळी, चहा हे शेवटी. सवलत काढल्यामुळे जी जकात जमेल ती वेगळी ठेवावी, आणि बेकार झालेल्या कामगारांना व पीडित कुटुंबांना द्यावी. आणि निर्णयापूर्वी त्या देशातल्या कामगार संघटनांना विचारावे. त्यांना तेथे बोलता येत नसेल तर बाहेर पडलेल्यांना विचारावे.

हा शेवटचा मुद्दा काही जणांना भाबडा वाटतो. नोकरी जाईल म्हणून कामगार नेहमी 'नको' म्हणतील, असे ते म्हणतात. तसे घडलेले नाही. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कोसाटू ही कामगारांची मध्यवर्ती संघटना निघाली, आणि परक्या भांडवलाने देशातून निघून जावे या मागणीला तिने आरंभापासून पाठिंबा दिला. नोकऱ्या जातील हे माहीत असून दिला. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर कपडा कामगारांच्या पुढाऱ्यांनी भूमिगत राहून, परदेशांतून, लष्कराविरुद्ध कडक आर्थिक निर्बंध मागितले. युरोपने तेथील जकात-सवलत तशीच चालू ठेवली. कारण दिले गेले ते हेच, की कपडा कामगार बायकांचे नुकसान होईल. त्यांच्या नावाने निर्णय झाला आणि त्यांच्या संघटनांनी मागितले होते त्याच्या उलट झाला! जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या घटनेचे ३३ वे कलम म्यानमारविरुद्ध वापरले. शंभरावर वर्षांच्या आयुष्यात ते तिने तिसऱ्यांदा काढले. त्याअन्वये सर्व सभासद देशांनी आपापले व्यापारी संबंध तपासायचे आहेत. सभासदांत भारत आहे, आणि म्यानमारची सरहद्द आपल्या चार राज्यांना लागून आहे.

आपल्या सरकारनेही आता अशा करारांवर सह्या करण्यास आरंभ केला आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइन या चार देशांशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात कामगार हक्क आणि पर्यावरण यांविषयी एक आख्खे प्रकरण आहे. आम्ही ते दोन रात्री बसून वाचले. आणि शेवटी काय आढळले? या प्रकरणाबाबत तंटा झाला तर करारातील लवादाची तरतूद त्यास लागू नाही. दोन्ही पक्षांनी बोलाचाली करावी, इतकेच. कारखान्यातले ते थंड पाणी आम्हांस पुन्हा आठवले.

अध्यक्षांनी दिलेला वेळ संपत आला आहे. कोणाला त्या प्रकरणाची प्रत पाहायची असेल तर ती आम्ही बरोबर आणली आहे. व्याख्यान संपल्यावर येथेच टेबलावर ठेवतो.